पेट्रोलचा काटा भरवशाचा नसेल तर: पहिली जुनी गाडी घेणाऱ्यांसाठी

सेकंडहँड गाडी घेताना आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, पत्रा कुठे सडलाय का बघतो, टायर किती झिजलेत ते बघतो, कागदपत्रं तपासतो. पेट्रोलच्या काट्याकडे मात्र फारसं कुणी बघत नाही. विकणाराही ‘काटा जरा वरखाली करतो, बाकी गाडी ओके’ म्हणून विषय संपवतो. गाडी घरी आली की पहिल्याच आठवड्यात कळतं की अर्ध्यावर असलेला काटा पुढच्या चौकात पावावर येतो आणि घरी पोचेपर्यंत पुन्हा अर्ध्यावर जातो.

यात घाबरण्यासारखं काही नाही. असा काटा असलेल्या गाड्या लोक वर्षानुवर्षं निर्धास्त चालवतात, कारण त्यांचा भरवसा काट्यावर नसतो, किलोमीटर आणि लिटरच्या लेखी हिशेबावर असतो. हा हिशेब कसा बसवायचा, हेच इथे सांगायचं आहे. उदाहरणाला मारुती ८०० घेतली आहे. १९८३ ते २०१४ एवढा काळ ती बनत होती आणि आजही अनेकांच्या हाती पहिली गाडी म्हणून तीच येते. ओम्नी, झेन, जुनी अल्टो, सँट्रो असेल तर आकडे बदलतील, पद्धत तीच राहील.

काटा हलतो कसा

टाकीत एक फ्लोट तरंगत असतो आणि तो एका दांडीला जोडलेला असतो. पेट्रोल कमी झालं की फ्लोट खाली येतो, दांडी फिरते आणि तिचं दुसरं टोक एका रेझिस्टन्सच्या पट्टीवरून घासत सरकतं. रेझिस्टन्स बदलला की करंट बदलतो आणि डॅशबोर्डवरचा काटा हलतो. मारुतीसारख्या जपानी घडणीच्या गाड्यांत टाकी भरलेली असताना रेझिस्टन्स कमी आणि रिकामी असताना जास्त असतो. म्हणून टाकीकडची वायर तुटली की काटा ‘ई’वर (एम्प्टी, म्हणजे रिकामी) पडून राहतो आणि तीच वायर सोलून बॉडीला टेकली की काटा ‘एफ’ (फुल) सोडत नाही. युरोपियन पद्धतीच्या बऱ्याच गाड्यांत हे नेमकं उलटं असतं.

आता लक्षणं बघा. काटा ठरावीक एका जागीच उडत असेल, बाकी ठिकाणी नीट चालत असेल, तर पट्टी तेवढ्या भागात झिजली आहे. रोजच्या वापरात टाकी ज्या पातळीला जास्त असते तिथलीच पट्टी आधी जाते. हेडलाइट किंवा इंडिकेटर लावल्यावर काटा हलत असेल तर अर्थिंग, म्हणजे बॉडीला जोडलेली वायर, ढिलं आहे. पेट्रोलचा आणि टेंपरेचरचा असे दोन्ही काटे एकाच वेळी, एकाच दिशेने चुकत असतील तर टाकीला हात लावायची गरजच नाही, दोष डॅशबोर्डच्या मागे आहे. काटा हळूहळू, महिन्यागणिक खाली दाखवू लागला असेल तर फ्लोटमध्ये पेट्रोल शिरतंय. जुन्या पद्धतीचा पितळी फ्लोट बाहेर काढून कानाशी हलवला तर आत चुळुक चुळुक आवाज येतो. डाग दिलेल्या सांध्याला सुईच्या टोकाएवढं भोक पडलेलं असतं आणि तेवढ्यातून पेट्रोल आत जाऊन फ्लोट बुडत जातो. टाकी भरलेली असली तरी मग काटा वर येत नाही.

काही गोष्टी मात्र बिघाड नसतात. टाकी फुल केल्यावर बराच वेळ काटा हलतच नाही आणि नंतर अर्ध्याखाली भराभर उतरतो, हे चांगल्या गाडीतही होतं. फ्लोट वरच्या टोकाला टेकल्यावरही टाकीत पेट्रोल मावतं, आणि टाकीचा आकारही सरळ डब्यासारखा नसतो. चढावर, उतारावर, वळणावर काटा बदलणारच. वाचायचं ते सपाट जागी, गाडी उभी करून, किल्ली दिल्यावर मिनिटभर थांबून. जुन्या मीटरचा काटा गरम होऊन वर चढतो, त्याला तेवढा वेळ लागतो.

पायरी १: किलोमीटरचा आकडा खरा आहे का ते बघा

सगळा हिशेब यावर उभा राहणार आहे, म्हणून सुरुवात इथून. हायवेवर किलोमीटरच्या दगडांशी किंवा फोनवरच्या नकाशाशी वीसेक किलोमीटरचं अंतर ताडून बघा. थोडाफार फरक असतोच. तो किती आणि कुठल्या बाजूला आहे, ते लिहून ठेवा. जुन्या गाडीत स्पीड आणि किलोमीटर दोन्ही एकाच केबलवर चालतात. म्हणजे स्पीडचा काटा बंद पडला की किलोमीटरही मोजले जात नाहीत. असं झालं तर आधी केबल बदला. काटा आणि केबल दोन्ही बिघडलेली गाडी गावाबाहेर काढू नका.

पायरी २: टाकी फुल करा आणि वही सुरू करा

पंपावर गाडी सपाट जागी लावा. नॉझल पहिल्यांदा आपोआप कट झाला की थांबा. वर अजून थोडं, पुढे रक्कम राउंड करायला अजून थोडं, असं करू नका. प्रत्येक वेळी वेगळं भरलं गेलं की हिशेब चुकतो, आणि तोंडापर्यंत भरलेलं पेट्रोल उन्हात फुगून बाहेर येतं ते वेगळंच. शक्यतो पंप एकच ठेवा. भरायच्या आधी झिरो बघायचा हे सांगायला नकोच. मापाबद्दल शंका असेल तर पंपावर पाच लिटरचं प्रमाणित माप असतं, त्यात मोजून दाखवा म्हणायचा ग्राहकाला हक्क आहे.

वही छोटी घ्या, ग्लोव्ह बॉक्समध्ये पेनसकट ठेवा. रकाने एवढेच: तारीख, किलोमीटर, लिटर, टाकी फुल केली की अर्धवट, आणि भरण्याआधी काटा कुठे होता. रुपये लिहिले नाहीत तरी चालेल. ‘पाचशेचं टाका’ म्हणायची आपल्याला सवय असते, पण पाचशे रुपयांत सध्या पाच लिटरही येत नाही आणि भाव हलला की तेही बदलतं. पावतीवरचा लिटरचा आकडा बघा. फोनमध्ये लिहून ठेवणारेही आहेत, पण फोन तुमच्या खिशात असतो आणि गाडी कधी कधी दुसऱ्याच्या हातात असते. म्हणून वही.

अ‍ॅव्हरेज काढायचं ते फुल ते फुल. समजा टाकी फुल केली तेव्हा किलोमीटर ६१,२४० होते. पुढच्या वेळी ६१,४६८ ला पुन्हा कट होईपर्यंत भरलं आणि १४.६ लिटर बसलं. २२८ भागिले १४.६, म्हणजे साधारण १५.६ चं अ‍ॅव्हरेज. मध्ये कधी अर्धवट भरलं असेल तर तेही लिटर बेरजेत धरा.

पायरी ३: सर्वांत वाईट आकडा धरून मर्यादा ठरवा

नवीन माणसाची चूक होते ती इथे. तो सगळ्या नोंदींची सरासरी काढतो आणि तिच्या भरवशावर निघतो. पण पेट्रोल संपतं ते सरासरीच्या दिवशी नाही, वाईट दिवशी संपतं. गाडीत पाच माणसं, एसी चालू, घाट, पुढे ट्रॅफिक जाम. नुसतं उभं राहून इंजिन चालू ठेवलं तरी छोटी गाडी तासाला अर्धा-पाऊण लिटर पिते आणि किलोमीटरचा आकडा तसूभरही हलत नाही.

म्हणून दोन-तीन महिन्यांच्या नोंदींतला सर्वांत कमी आकडा घ्या. समजा तो १३.९ आहे, आपण १३ धरू. मारुती ८०० ची टाकी २८ लिटरची. त्यातले ६ लिटर नाहीतच असं समजा. उरले २२. बावीस तेरं २८६. त्यातही गोल आकडा खालचा घ्या: टाकी फुल केल्यापासून २५० किलोमीटर झाले की पंप. काटा काय दाखवतोय त्याचा या निर्णयाशी काही संबंध नाही. तुमच्या गाडीच्या टाकीचा आकडा मालकाच्या पुस्तिकेत मिळेल. मॉडेल बदललं की तोही बदलतो, तेव्हा शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा उचलू नका.

ट्रिप मीटर असेल तर फुल केल्यावर तो शून्यावर आणा. नसेल तर ज्या किलोमीटरला पंपावर जायचंय तो आकडा कागदाच्या पट्टीवर मोठ्या अक्षरांत लिहून डॅशबोर्डवर चिकटवा: ‘६१,७१८ ला भरणे’. सगळ्यात जास्त उपयोग या पट्टीचाच होतो.

वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल आता पंपांवर सर्रास आहे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा कमी असते, त्यामुळे आधीच्या मालकाने सांगितलेलं किंवा जुन्या जाहिरातीतलं अ‍ॅव्हरेज धरून चालू नका. आजचा आकडा आजच्या पेट्रोलवर काढा.

पायरी ४: ‘ई’ म्हणजे नेमकं किती, ते गाडी बंद न पाडता शोधा

पेट्रोल संपेपर्यंत गाडी चालवून बघा, असा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. तो ऐकू नका. त्याहून सोपा मार्ग वहीतच आहे. काटा ‘ई’वर टेकलेला असताना, पण किलोमीटरची मर्यादा ओलांडायच्या आधी, टाकी फुल करा आणि किती बसलं ते बघा. १९ लिटर बसलं तर काटा ‘ई’ म्हणत होता तेव्हा टाकीत ९ लिटर होतं. दोन-तीनदा हेच निघालं तर तुमचा काटा चुकतो, पण दर वेळी तेवढाच चुकतो. असा काटा कामाचा आहे.

अशा काट्यावर खुणा करून घेता येतात. सकाळी पंप मोकळा असताना, टाकीत थोडंच पेट्रोल आहे अशा दिवशी जा. भरणाऱ्या दादांना आधीच सांगा की पाच-पाच लिटर करून भरायचंय. पहिले पाच लिटर टाकून झाले की नॉझल काढून घ्यायला सांगा, झाकण लावा, गाडी ढकलून बाजूला घ्या, किल्ली नुसती ऑनवर द्या, इंजिन चालू करू नका. काटा चढून थांबला की मीटरच्या काचेवर पातळ मार्करने बारीक रेघ मारा. पुन्हा पाच लिटर, पुन्हा रेघ. फुल होईपर्यंत तीन-चार रेघा होतात. त्या सारख्या अंतरावर येत नाहीत, खाली विरळ आणि वर दाट येतात, ते बरोबरच आहे. काचेसमोर डोळा सरळ ठेवा, तिरकं बघून मारलेली रेघ फसवते.

दर वेळी वेगळंच उत्तर आलं, एकदा ‘ई’वर ९ लिटर निघालं आणि पुढच्या वेळी १५, तर खुणांच्या भानगडीत पडू नका. त्या काट्यावर कागद चिकटवला तरी चालेल, आणि हे मी मनापासून सांगतोय. उघडा राहिला तर तो ‘अर्धी टाकी आहे’ म्हणत राहतो आणि उशीर झालेल्या रात्री आपल्याला ते खरं मानावंसं वाटतं.

कमी पेट्रोलचा पिवळा दिवा असेल तर त्याचीही वेगळी परीक्षा घ्या. काही गाड्यांत त्याचा सेन्सर निराळा असतो, पेट्रोलची पातळी त्याच्या खाली गेली की तो तापतो आणि दिवा लागतो. तिथे काटा बिघडला तरी दिवा खरं बोलतो. काहींत मात्र दिवा त्याच फ्लोटवर चालतो. तो लागेल तेव्हा फुल करून किती बसतं ते बघितलं की कळेल.

पायरी ५: गाडी दुसऱ्याच्या हाती देण्याआधी

तुम्हाला काट्याची सवय होते, घरच्यांना नसते. भाऊ पाहुण्यांना आणायला स्टेशनवर जातो, मुलगी क्लासवरून येताना गाडी घेते, आणि काटा अर्ध्यावर बघून निश्चिंत असतात. रात्री साडेदहाला बायपासवर गाडी बंद पडते ती त्यांची. म्हणून डॅशबोर्डवरच्या त्या पट्टीवर वरच्या ओळीत लिहा: ‘पेट्रोलचा काटा चुकीचा आहे. किलोमीटर बघा.’ किल्ली देताना तोंडीही सांगा. भरलं तर वहीत लिहायचं, एवढी एकच अट घरात सगळ्यांना घाला. एक जरी नोंद राहिली तरी हिशेब पुढच्या फुलपर्यंत अडतो. आपल्याला शंका आली तर सरळ टाकी फुल करायची आणि तिथून नव्याने मोजायचं. गाडी विकायची वेळ आली तर घेणाऱ्यालाही हे स्पष्ट सांगा आणि वही त्याच्या हातात द्या.

घाट आणि पावसाळा

वरंध, ताम्हिणी, आंबोली, कुठलाही घाट असो, पायथ्याशी टाकी निम्म्याच्या वर हवी. चढावर पेट्रोल टाकीत मागे सरकतं आणि कमी असेल तर गाडीतल्या पंपाला ते नीट ओढता येत नाही, गाडी धक्के खाते. ताम्हिणीला जाताना पौड-पिरंगुटलाच भरून घ्या, घाटात पंप सापडेल या आशेवर राहू नका. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे जेमतेम ९४-९५ किलोमीटरचा आहे, पण तिथे पेट्रोल संपून उभं राहणं जिवाशी खेळ आहे. वर चढायच्या आधीच भरून घ्या.

पेट्रोल कमी वाटतंय म्हणून उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणारे लोक अजून दिसतात. कृपा करून हे कधीही करू नका. इंजिन बंद झालं की ब्रेकला मिळणारी मदत एक-दोनदा दाबल्यावर संपते, ब्रेक दगडासारखा होतो. किल्ली पूर्ण मागे फिरली तर स्टिअरिंगही लॉक होऊ शकतं. वाचलेल्या दोन कप पेट्रोलसाठी हा धोका पत्करायचा नाही.

पावसाळ्यात टाकी निम्म्याखाली ठेवू नये, याचं कारण वेगळं आहे. रिकाम्या जागेत दमट हवा असते, तिचं पाणी होतं आणि जुनी पत्र्याची टाकी आतून गंजते. इथेनॉल तर पाणी ओढूनच घेतं. कोकणात किंवा गोव्यात गाडी महिनोन्महिने उभी ठेवणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

काटा अचानक पडला तर आधी गाडीखाली वाका

चुकणाऱ्या काट्याचा खरा धोका हा आहे की तो एखाद्या दिवशी खरं सांगत असतो आणि आपण दुर्लक्ष करतो. नेहमीपेक्षा वेगळं काही दिसलं, अ‍ॅव्हरेज एकदम घसरलं, गाडीत पेट्रोलचा वास आला, की थांबा आणि खाली बघा. जुन्या गाडीचे रबरी पाइप कडक होऊन चिरतात, आणि इथेनॉल जुन्या रबराला मानवत नाही. थेंब दिसले किंवा वास येत असेल तर गाडी सुरू करू नका, जवळ कुणाला विडी-काडी ओढू देऊ नका, मेकॅनिकला जागेवर बोलवा.

तरीही संपलंच तर

संपायच्या आधी गाडी बहुधा सूचना देते: वळणावर किंवा चढावर एक धक्का, मग पुन्हा ठीक, मग परत धक्का. पहिल्या धक्क्यालाच एसी बंद करा, हझार्ड लावा, डावीकडे घ्या आणि गती असेपर्यंत रस्त्याच्या बाहेर या. माणसं गाडीत बसवून ठेवू नका, कडेला सुरक्षित जागी उभी करा. त्रिकोण असेल तर मागे लांब ठेवा. राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आणि कुठेही संकटात ११२ हे नंबर फोनमध्ये ठेवलेले असू द्या. डिकीत बाटलीत किंवा कॅनमध्ये पेट्रोल घेऊन फिरणं हा यावरचा उपाय नाही. बंद गाडीत उन्हाने वाफ साठते आणि एक ठिणगी पुरते.

पेट्रोल आणून टाकल्यावर कार्ब्युरेटरची गाडी थोडा वेळ स्टार्टर मारल्यावर चालू होते. एकदम रेटू नका, पाच-सात सेकंद मारून थांबा, पुन्हा मारा. एमपीएफआय गाडीत, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल सोडणाऱ्या गाडीत, किल्ली दोन-चारदा ऑन-ऑफ करा, टाकीतला पंप लाइन भरून घेतो. हा पंप पेट्रोलमध्ये बुडून थंड राहतो, त्यामुळे एमपीएफआय गाडी वारंवार कोरडी पडली तर काट्याच्या दुरुस्तीपेक्षा पंपाचाच खर्च जास्त येतो. जुनी डिझेल गाडी असेल तर लाइनमध्ये हवा शिरते आणि ती फिल्टरवरच्या हातपंपाने काढावी लागते. हे मेकॅनिककडून एकदा शिकून ठेवलेलं बरं.

सीएनजी बसवलेल्या जुन्या गाडीत एक भर. गाडी पेट्रोलवर सुरू होऊन मग गॅसवर जात असेल तर पेट्रोल थोडं थोडं कमी होत राहतं आणि किलोमीटरवरून त्याचा पत्ता लागत नाही. तिथे एकच सोपा नियम: दर महिन्याला ठरल्या तारखेला पेट्रोलची टाकी निम्म्याच्या वर आणायची.

दुरुस्ती करायचीच असेल तर

वायरमनकडे नुसतं ‘काटा चालत नाही’ म्हणून जाऊ नका, वही दाखवा आणि वरचं कुठलं लक्षण आहे ते सांगा. स्वस्त गोष्टी आधी करून घ्या: फ्यूज, टाकीजवळचा कनेक्टर, अर्थची वायर. गाडीखालच्या कनेक्टरमध्ये पावसाळ्याचा चिखल आणि गंज बसतो आणि बऱ्याचदा तो साफ केल्यावर काटा सुधारतो. मग टाकीकडची वायर काढून किल्ली ऑनवर काटा कुठे जातो ते बघायचं, आणि ती क्षणभर बॉडीला लावून बघायचं. मारुतीत तो आधी ‘ई’वर आणि नंतर ‘एफ’कडे गेला तर मीटर आणि वायरिंग चांगलं आहे, दोष टाकीत आहे. ही परीक्षा वायरमनलाच करू द्या. जुन्या मीटरला जास्त वेळ थेट अर्थ दिला तर मीटर जळतं, म्हणून जाणकार मध्ये छोटा बल्ब लावतो.

टाकी उघडायची तर बॅटरीची तार काढलेली हवी, पेट्रोल कमी हवं आणि जागा उघडी हवी. काही गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असतं, काहींत टाकीच उतरवावी लागते, त्यावर मजुरी ठरते. आधी विचारून घ्या. फ्लोट युनिट घेताना मॉडेल, साल, कार्ब्युरेटर की एमपीएफआय हे सगळं सांगा. दिसायला सारखं पण वेगळ्या रेझिस्टन्सचं युनिट बसवलं तर काटा नव्याने चुकू लागतो. जोडताना रबरी सील नवीनच घालायला लावा. जुनं सील परत बसवलं तर टाकी फुल केली की गाडीत वास येतो.

नवीन युनिट बसल्यावर लगेच पट्टी काढून टाकू नका. दोन वेळा फुल ते फुल करा, मध्ये काट्याची जागा आणि बसलेले लिटर जुळतात का बघा. ‘ई’वर किती लिटर उरतं ते पुन्हा काढा, कारण नव्या फ्लोटचा ‘ई’ जुन्यासारखा नसतो. दोन्ही वेळा जुळलं की पट्टी काढा, काचेवरच्या जुन्या रेघा पुसा आणि घरच्यांना सांगा.